ताकदीची गोळी आणि काउंटरवरचे पाव मिनिट

"भाऊ, ताकतीची गोळी दे एक पत्ता."

वस्तीच्या तोंडाशी असलेल्या कोणत्याही मेडिकलमध्ये संध्याकाळी सात वाजता अर्धा तास उभे राहा, हे वाक्य तीन-चारदा तरी कानावर पडेल. कुणाचे पाय दुखतात, कुणाला कामावरून आल्यावर उभे राहवत नाही, कुणाच्या मुलीचे केस गळतात, कुणाचे पोर जेवत नाही. काउंटरमागचा मुलगा वळतो, फळीवरून एक पाकीट काढतो, कात्रीने दहा गोळ्या कापतो आणि "रोज एक" एवढे सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. या सगळ्याला पाव मिनिट लागते.

जीवनसत्त्वे कोणती आणि ती कशात असतात, हे आपल्या मुलांच्या पुस्तकात दिलेले आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. आज लिहायचे आहे ते या पाव मिनिटाबद्दल. दुकानदाराने तेव्हा आपल्याला काय विचारायला हवे, काय सांगायला हवे आणि त्याने विचारले नाही तर आपण काय करायचे, याबद्दल.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत सत्तरीच्या एक आजी आहेत. हाडे दुखतात म्हणून त्यांनी डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची पुडी लिहून दिली, साठ हजार युनिटची, दुधात टाकून घ्यायची. आठवड्यातून एक, असे आठ आठवडे. चिठ्ठी इंग्रजीत होती. मेडिकलमधल्या मुलाने आठ पुड्या दिल्या आणि सांगितले, "आजी, आठ दिवसांनी एक." आजींनी ऐकले "आठ दिवस, एक." आपल्या बोलण्यात आठवडा म्हणजे आठ दिवस, त्यामुळे चूक कुणाची हे मला आजही नक्की सांगता येत नाही. आठ दिवसांत आठ पुड्या संपल्या. तेवढ्यावर थांबले असते तर बहुधा फारसे बिघडले नसते. पण आजींना बरे वाटले. त्यांनी नातवाला रिकामी पुडी देऊन पाठवले, दुकानातून आणखी आठ आल्या. मग पुन्हा आठ. तीन महिने रोज एक पुडी. एवढ्या वेळा तीच पुडी नेणाऱ्या नातवाला कुणी एकदाही विचारले नाही की बाबा, ही कोण घेते आणि कशी घेते?

तिसऱ्या महिन्यात आजींना उलट्या सुरू झाल्या. पोट साफ होईना, तहान भागेना, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवी. मग त्या गुंगीत राहू लागल्या, माणसे ओळखेनात. घरच्यांना वाटले, वय झाले. सरकारी दवाखान्यात नेल्यावर रक्तातले कॅल्शियम चौदाच्या वर निघाले. साधारण साडेआठ ते साडेदहा असायला हवे. ड जीवनसत्त्व जास्त झाले की रक्तात कॅल्शियम साचते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय ते शरीरातल्या चरबीत साठून राहते, म्हणून गोळी बंद केली तरी परिणाम कित्येक आठवडे राहतो. आजी बऱ्या झाल्या, पण मूत्रपिंडाचा रिपोर्ट पहिल्यासारखा झाला नाही.

यात माझाही दोष आहे. त्या तीन महिन्यांत मी दोनदा आजींच्या घरी गेले होते. फडताळावर त्या पुड्यांचा ढीग मी पाहिला होता. वीस वर्षे सिस्टर म्हणून काम केलेली बाई मी, "आजी, ही कशी घेता?" एवढे विचारायला हवे होते. चहा घेतला आणि निघाले.

दवाखान्यात आजी शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, "बाई, जीवनसत्त्व तर चांगलं रायते ना? मंग त्यानं कसं झालं?" आपल्या सगळ्यांचाच हा समज आहे. औषधाची भीती वाटते, व्हिटॅमिनची वाटत नाही. ब आणि क ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, जास्तीची बरीचशी लघवीवाटे जातात. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते ती त्यामुळेच, घाबरायचे कारण नाही. पण अ, ड, ई आणि के ही चार चरबीत विरघळतात आणि साठतात. दिवस गेलेल्या बाईने अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या ताकदीच्या गोळ्या मनाने घेतल्या तर गर्भात व्यंग येऊ शकते. हृदयाच्या आजारात रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन चालू असेल, तर के असलेली मल्टिव्हिटॅमिन त्या गोळीच्या उलट काम करते. म्हणून "हे तर व्हिटॅमिनच आहे" हे वाक्य काउंटरच्या कोणत्याही बाजूने आले तरी सावध व्हावे.

काउंटरमागे कोण आहे?

प्रत्येक मेडिकलमध्ये भिंतीवर एक प्रमाणपत्र लावलेले असते. त्यावर फार्मासिस्टचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. २०१५ साली फार्मसी प्रॅक्टिसचे नियम आले. त्यांत गिऱ्हाइकाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहिले आहे: औषध कशासाठी, किती, किती दिवस, कशासोबत घ्यायचे नाही, त्रास झाला तर काय करायचे, एखादा डोस चुकला तर काय. त्याने पांढरा कोट घालावा आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावावा, हेही त्याच नियमांत आहे.

प्रत्यक्षात काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. बऱ्याच दुकानांत प्रमाणपत्र एकाचे असते आणि काउंटरवर दुसराच असतो, दहावी-बारावी झालेला, महिन्याच्या पगारावर राबणारा मुलगा. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. बरेचदा तो आपल्याच वस्तीतला असतो. पण त्याच्याकडून सल्ला घ्यायचा नाही, एवढे आपण करू शकतो. सरळ विचारावे, "फार्मासिस्ट कोण आहेत? मला त्यांच्याशी बोलायचं आहे." आवाज चढवायची गरज नाही. ते नसतील तर केव्हा असतात ते विचारावे आणि तेव्हा जावे. ताकदीच्या गोळीची घाई कधीच नसते.

आता चांगला सल्ला कसा असतो ते सांगते. आमच्या भागातल्या एका मुलीने डी.फार्म. केले. दोन वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर पाचशे तासांचे प्रत्यक्ष काम. सध्या ती एका दुकानात आहे. एकदा मी तिथे उभी असताना बांधकामावर जाणारी एक ताई आली आणि म्हणाली, "रक्त वाढायची गोळी दे." मुलीने गोळीला हातच लावला नाही. विचारत गेली. कोणासाठी? वय किती? दिवस गेलेत का? पाळीत फार जाते का? किती दिवसांपासून थकवा आहे? खोकला, ताप, वजन कमी होणे? दुसरे कोणते औषध चालू आहे? रक्त तपासले का? आणि शेवटी, "घरात कुणाला सिकलसेल आहे का?" ताई म्हणाली, भावाला आहे. मुलीने गोळी दिली नाही. आरोग्य केंद्रात जाऊन आधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून या म्हणाली आणि कागदावर तसे लिहून दिले. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले म्हणून मालकाने नाक मुरडले. माझ्या मते त्या दिवशी त्या दुकानातला सर्वांत चांगला सौदा तोच होता.

लोहाची गोळी आणि सिकलसेल

ती शेवटचा प्रश्न का विचारत होती, हे विदर्भातल्या आपल्या प्रत्येक घराने समजून घ्यायला हवे. सिकलसेल इथल्या आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. तो आईबापांकडून येणाऱ्या जनुकातून येतो, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याला हा आजार आहे, म्हणजे रिपोर्टवर एसएस आहे, त्याच्या अंगात रक्त कमी दिसते ते पेशी लवकर फुटतात म्हणून. लोह कमी आहे म्हणूनच असे नाही. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते. अनेकांना वरचेवर रक्त चढवावे लागते, त्यातूनही लोह येते. अशा माणसाला "रक्त वाढायची" म्हणून वर लोहाची गोळी दिली तर लोह यकृतात आणि हृदयात साचू शकते. त्यांना डॉक्टर फोलिक ॲसिड देतात. लोह फक्त तपासणीत कमी निघाले तरच. जो केवळ वाहक आहे, रिपोर्टवर एएस आहे, त्याला लोहाची कमतरता असल्यास इतरांसारखीच गोळी चालते. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते. रिपोर्ट घरात ठेवा आणि मेडिकलमध्ये जाताना आपला प्रकार कोणता ते सांगा.

बाकीच्यांसाठी लोहाची गोळी फार कामाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींत एकीहून जास्त. पण ही गोळी विकत घ्यायची गरज बहुतेकींना नाही. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी १८० दिवस, बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, ही आशाताईकडून किंवा आरोग्य केंद्रातून फुकट मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी, लहानांना गुलाबी, पाच वर्षांखालच्यांना सिरप. "सरकारी गोळीनं मळमळते, भारीची दे" म्हणून आपण मेडिकलमधून रंगीत खोक्यातली आणतो. मळमळ लोहाची असते, सरकारची नाही. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर घ्यावी. लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत घेतली तर चांगली लागू पडते. चहा मात्र आधी-नंतर तासभर नको. शौच काळी होते, ती होणारच.

गोळी सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन पाहावे. साधारण एक ग्रॅमने वाढायला हवे. वाढले नाही तर गोळी बदलून मागायची नाही, डॉक्टरांकडे जायचे. आणि हिमोग्लोबिन बारापर्यंत आले म्हणून लगेच बंद करायची नाही, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. लहान मुलांच्या हाती या गोळ्या लागू देऊ नका. चकचकीत लाल गोळी पोरांना चॉकलेटसारखी दिसते आणि मूठभर गिळली तर मूल दगावू शकते.

कशासोबत काय नको

काउंटरवर हा प्रश्न हमखास विचारावा, कारण चिठ्ठीवर तो लिहिलेला नसतो. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले की लोह नीट शोषले जात नाही. दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर हवे. गरोदरपणी दोन्ही चालू असतात आणि बायका "एकदाच उरकून टाकू" म्हणून एका घोटात गिळतात. थायरॉइडची गोळी असेल तर ती सकाळी रिकाम्या पोटी, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनंतर. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा अँटिबायोटिकसोबतही लोह-कॅल्शियम घेऊ नये, अँटिबायोटिकचा असर कमी होतो. तसेच अँटिबायोटिकसोबत न मागता बी-कॉम्प्लेक्सचे पाकीट पिशवीत टाकायची दुकानांची जुनी सवय आहे. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. चिठ्ठीवर आहे का ते विचारा, नसेल तर परत करा.

साखरेच्या आजाराची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. पायांना मुंग्या, तळवे बधिर, जीभ लाल आणि गुळगुळीत. आपण त्याला "साखरेनेच होते" म्हणतो. इथे बी-१२ ची तपासणी करून गोळी घेणे योग्य आहे. पण नुसते फोलिक ॲसिड घेऊन चालत नाही. त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि बी-१२ अभावी नसांचे नुकसान आत चालूच राहते. बी-१२ दूध, अंडी, मासळी, मटण यांतूनच मिळते, भाजीपाल्यातून नाही. आठवड्यात चार अंडी आणि सुकट-बोंबील खाणाऱ्या घरात ते कमी पडण्याची भीती कमी. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्या ताटातल्या या गोष्टींना हलके समजून महागड्या डब्यावर पैसे घालवणारी घरे मी पाहते. क्षयाच्या औषधांतल्या आयसोनियाझिडने नसांना त्रास होऊ नये म्हणून बी-६ देतात. ती मात्र डॉक्टरांनी लिहिली असेल तर सोडू नये.

वस्तीत फिरणारी "लाल सुई" तुम्हाला माहीत आहे. तो लाल रंग बी-१२ चा असतो. ज्याला कमतरता आहे त्याला ते औषध आहे, पण अंगदुखीवर, तापावर, थकव्यावर टोचून दोनशे रुपये घेणे हा नुसता धंदा आहे. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या मुलींनी रक्त तपासताना ते लॅबमध्ये सांगावे. त्याने थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

खोके वाचायचे कसे

एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्या कायद्याने वेगळ्या असू शकतात. एक औषध असते. दुसरी अन्न म्हणून विकली जाते, तिच्यावर एफएसएसएआयचे चिन्ह, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि "हेल्थ सप्लिमेंट" असे लिहिलेले असते. शिवाय इंग्रजीत "नॉट फॉर मेडिसिनल यूज" छापलेले असते, म्हणजे औषध म्हणून वापरायचे नाही. जी वस्तू औषध नाही असे खोक्यावरच लिहिले आहे, ती रक्त कमी असलेल्या बाईला उपचार म्हणून द्यायची नसते. दुकानदाराला एवढेच विचारा, "हे औषध आहे का फूड?" विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदार वेगळ्या सुरात बोलतो, हा माझा अनुभव आहे.

पाकीट कापून देताना नाव आणि मुदत संपल्याची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येईल असे पाहा, नाहीतर घरी गेल्यावर ती नुसती लाल गोळी उरते. बिल घ्या. त्यावर बॅच नंबर असतो. जनऔषधी केंद्रात तीच गोळी बरीच स्वस्त मिळते. तिथेही फार्मासिस्ट असतो आणि तेच सगळे प्रश्न त्यालाही विचारायचे.

थकवा दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल, सोबत खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, फार तहान, पाळीत पॅडवर पॅड बदलावे लागणे किंवा चढताना धाप असे काही असेल, तर मेडिकलमध्ये जायचेच नाही, आरोग्य केंद्रात जायचे. टॉनिकच्या तीन बाटल्या संपेपर्यंत थांबलेले क्षयाचे रुग्ण मी वॉर्डात पाहिले आहेत. त्या तीन महिन्यांत घरातल्या लहानग्यांनाही लागण झालेली होती.

आजींच्या प्रकरणानंतर आम्ही विहारात एक गोष्ट सुरू केली आहे. महिन्यातल्या एका रविवारी प्रत्येकीने घरातल्या सगळ्या गोळ्या थैलीत घालून आणायच्या. डी.फार्म. झालेली ती मुलगी बसते, मी बसते. एकेक पाकीट काढून ती विचारते, "ही कोण घेतं? कशी घेतं? कोणी सांगितली?" मग पेनाने मराठीत पाकिटावर लिहिते. पहिल्याच रविवारी एका थैलीत वेगवेगळ्या नावांची तीन कॅल्शियमची पाकिटे निघाली, तिन्ही चालू होती. दुसरीत मुदत संपून दोन वर्षे झालेले लेकराचे टॉनिक.

आजी आल्या होत्या. त्यांची ड जीवनसत्त्वाची पुडी आता बंद आहे, रक्तदाबाची एक गोळी तेवढी चालू आहे. मुलीने पाकिटावर "रोज सकाळी एक" असे लिहिले. आजींनी चष्मा लावून ते वाचले आणि विचारले, "रोज म्हंजे रोजच ना? का आठ दिवसांनी?"